घरच्या बरिटोला चव हवी? आधी पैसे कुठे घालायचे ते ठरवा

घरी केलेला बरिटो पोळीत गुंडाळलेल्या उसळीसारखा लागतो, ही तक्रार नेहमीची. दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो, पैसे भलत्याच पाकिटावर गेलेले असतात. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा, कुठेही राहत असाल तरी उत्तम बरिटो आठवडी बाजार आणि घरातल्या डब्यांवर होतो. आठ नग, म्हणजे चार माणसांचं पोटभर जेवण, साधारण १८० ते २०० रुपयांत. चीज घातलंत तर सत्तरेक रुपये वाढवा.

आधी काय घेऊ नका ते. तयार टॉर्टिया, डब्यातला राजमा, बाटलीतला साल्सा आणि मसाल्याची पुडी अशी चार पाकिटं घेतलीत तर बिल पाचशेच्या पुढे सहज जातं. त्यासाठी सोलापूर किंवा लातूर गाठू नका. महिलांना एसटीत अर्धं तिकीट असलं तरी जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो. ऑनलाइन मागवणार असाल तर वस्तूची किंमत नव्हे, शेवटच्या पानावरची बेरीज बघा. डिलिव्हरी, हँडलिंग, किमान खरेदी हे सगळं तिथेच उगवतं. मसाल्याच्या पुडीवरचे घटक वाचा. जे वजनाने जास्त ते आधी छापलेलं असतं. मीठ, साखर, स्टार्च पहिल्या तीनांत दिसले तर पुडी परत ठेवा. जिरं तुमच्याकडे आहेच.

आता राजमा. २०० ग्रॅम घ्या, साधारण ३० रुपये. रात्री भिजवा, आठ ते दहा तास. भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि कुकरमध्ये पूर्ण शिजवा. दाणा दोन बोटांत विरघळला पाहिजे. इथे घाई नको. अर्धकच्च्या राजम्याने उलट्या होतात. खरी चव याच्या पुढच्या पंधरा मिनिटांत आहे. तेलात भरपूर लसूण आणि जिरं तांबूस करा, लाल तिखट टाका, मग राजमा घालून पळीने अर्धा दाबून चेचा. वरून एक चमचा येसर. आमटीला जसा दाटपणा येतो तसा इथेही येतो, भाजलेल्या धान्याचा खमंगपणा वेगळा मिळतो आणि सारण पोळीतून गळत नाही. येसर नसेल तर अर्धा चमचा काळा मसाला पुरे, त्याहून जास्त नको, नाहीतर पुन्हा उसळच होईल. शेवटी मीठ चाखा आणि गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा. आंबटपणा राहून गेला की मसाला कितीही वाढवा, बरिटो मुका लागतो.

साल्सा विकत घेऊ नका. तीन टोमॅटो, एक कांदा, चार हिरव्या मिरच्या, सहा लसूणपाकळ्या तव्यावर तेलाविना काळे डाग पडेपर्यंत भाजा. ठेचा करता तसं खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सरमध्ये पाणी सुटतं. मीठ, लिंबू, मूठभर कोथिंबीर घाला. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन आहे. मिळाली तर तीच घ्या, वास लांबून कळतो. ही सगळी भाजी ५० ते ६० रुपयांत बसते.

भाताऐवजी ज्वारीच्या कण्या शिजवून बघा, मोकळ्या, लिंबू-कोथिंबीर लावलेल्या. भातापेक्षा चावायला मजा येते. थंडीत हुरडा हाताशी असेल तर तव्यावर परतून थेट आत घाला. मक्याचे गोठवलेले दाणे मग आठवणारही नाहीत. भाकरीत मात्र गुंडाळू नका, ती मोडते.

पोळीसाठी ४०० ग्रॅम पीठ, निम्मी कणीक आणि निम्मा मैदा, तीन चमचे तेल, मीठ, कोमट पाणी. अर्धा तास झाकून ठेवा. आठ गोळे, प्रत्येकी दहा इंच लाटा. तव्यावर कमी वेळ ठेवा, कडक झाली की घडी फुटते. भाजलेल्या पोळ्या कापडात झाका. खर्च वीस रुपये.

ॲव्होकॅडो सोडून द्या. पाव किलो दही तासभर फडक्यात टांगा, त्यात किसलेला लसूण आणि मीठ. खर्च पंचवीस रुपये. वर चमचाभर सोलापुरी शेंगाचटणी घातलीत तर कुरकुरीतपणाची सोय होते. चीज घेणार असाल तर घटकांत दूध आहे की वनस्पती तेल, ते बघा. तेलाचा माल स्वस्त दिसतो, चव देत नाही. चीज आणि सॉसवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बाराचा पाच टक्के झाला आहे. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर ‘कूलिंग’चे म्हणून कोणी जादा मागितले तर देऊ नका. बिल आणि पाकीट जपा, तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मटण हवं असेल तर बरिटोसाठी खास आणू नका. उस्मानाबादी शेळीचं सुकं रविवारी उरलं असेल तर हाडं काढून, तुकडे हाताने तोडून, तव्यावर कोरडं करून घाला.

भरताना सारण पोळीच्या खालच्या तिसऱ्या भागात, दोन्ही बाजू आत, मग घट्ट गुंडाळा. जोड खाली ठेवून तव्यावर दोन-दोन मिनिटं भाजा. ही पायरी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त गाळली जाते.

वेळ धरा सव्वा तास, भिजवणं वेगळं. गॅसचे दहा-पंधरा रुपये वरच्या बेरजेत आहेत; बाजारभाव आठवड्याला हलतात, तेवढा फरक धरा. उरलेलं सारण आणि कण्या बाहेर ठेवू नका, गार होताच फ्रिजमध्ये. वीज बराच वेळ जात असेल तर त्याच रात्री संपवा. डब्यासाठी न्यायचा असेल तर साल्सा वेगळ्या डबीत द्या, सकाळी आत भरलेला दुपारी लगदा होतो.