धानाच्या बांध्यांतील उंदरांचा बंदोबस्त

भंडारा जिल्ह्याचे मुख्य पीक धान होय. नांगरणी, चिखलणी, रोवणी आणि निंदणी यांत शेतकऱ्याचे श्रम व पैसा खर्ची पडल्यानंतर, पीक पोटरीवर आले असता उंदीर ते बुंध्याशी कुरतडून टाकतात. हे नुकसान पुष्कळदा बांधीच्या मध्यभागी होते; धुऱ्यावरून पाहणाऱ्यास पीक शाबूतच दिसते. म्हणून प्रत्यक्ष बांधीत उतरून पाहणी करावी. जमिनीलगत तिरकस कापलेले फुटवे ही उंदरांची खूण समजावी.

उंदरांची राहणी

धानाच्या शेतात विशेष उपद्रव लहान घुशीचा होतो. ती धुऱ्यांत लांब बिळे करते, तोंडाशी ताज्या मातीचा ढीग टाकते आणि लोंब्या आत साठविते. धुरे पोखरले गेल्यामुळे बांधीतील पाणीही वाहून जाते. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते व एका वेळी साधारणतः पाच ते आठ पिले देते. पीक पोटरीत येताच या वाढीस जोर चढतो. जेथे उन्हाळी धान घेतात, तेथे उंदरांना वर्षातून दोनदा सुगी मिळते. यास्तव पोटरीपर्यंत वाट न पाहता रोवणीनंतरच्या पहिल्या महिन्यातच बंदोबस्त करावा.

एकट्याचा प्रयत्न का फसतो

एका शेतकऱ्याने आपल्या बांधीतील उंदीर मारले, तरी शेजारच्या बांधीतील उंदीर थोड्याच दिवसांत रिकाम्या बिळांत येऊन राहतात. म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांची सभा घेऊन संपूर्ण शिवाराकरिता एकच दिवस ठरवावा. पडीत जमीन, पाटाचे काठ व तलावाची पाळ वगळू नये.

प्रतिबंधक उपाय

धुरे ३० सेंटिमीटरपेक्षा कमी उंच व रुंद ठेवावेत. अरुंद धुऱ्यात बीळ करणे उंदरास कठीण जाते. धुऱ्यावरील गवत काढावे. तणसाचे ढीग व धानाची पुंजणी बांधीत फार दिवस राहू देऊ नयेत. घुबड व धामण हे शेतकऱ्याचे मित्र आहेत. त्यांना मारू नये. पीक दाण्यावर येईपर्यंत घुबडांना बसण्यासाठी बांधीत मचाणवजा काठ्या रोवाव्यात.

विषारी आमिषाची रीत

पहिल्या दिवशी सायंकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उघडलेली आढळतील, तीच वसतीची बिळे होत. त्यांत तेल लावलेली तांदळाची कणी, विष न घालता, ठेवावी. त्यामुळे उंदराचा संशय दूर होतो. चौथ्या दिवशी ९६० ग्रॅम कणी, २० ग्रॅम खाद्यतेल व २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड काठीने कालवून, सुमारे १० ग्रॅमची कागदी पुडी प्रत्येक वसतीच्या बिळात खोल सरकवावी. पाचव्या दिवशी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत व बिळे बुजवावीत.

वाचलेले उंदीर हे आमिष पुन्हा खात नाहीत. म्हणून साधारणतः आठवड्यानंतर नव्याने उघडलेल्या बिळांत ब्रोमॅडिओलोनचे तयार आमिष वापरावे. त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो.

अवश्य पाळावयाची दक्षता

झिंक फॉस्फाईडवर खास उतारा नाही. ते घरातील भांड्यात कालवू नये. हातमोजे घालावेत, वाऱ्याकडे पाठ करावी व कामाच्या वेळी बिडी ओढू नये. पावसात किंवा ओल्या हाताने आमिष हाताळू नये. उघड्यावर, तलावाकाठी वा गुरांच्या वाटेवर ते टाकू नये. उरलेले आमिष खोल पुरावे. विषबाधेचा संशय येताच रोग्यास औषधाच्या वेष्टनासह ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

मोहिमेपूर्वीची व नंतरची वसतीची बिळे मोजून त्यांची नोंद ठेवावी. किती उंदीर मेले यापेक्षा किती बिळे बंदच राहिली, यावरूनच काम पुरे झाले की अपुरे, हे कळते. बिळे पुन्हा उघडू लागल्यास त्याच शिवारातील सर्वांना पुन्हा एकत्र बोलवावे. धान घरी येईपर्यंत ही पाहणी चालू ठेवणे शेतकरी बंधूंच्या हिताचे आहे.