सागरातील शोधकार्य आणि रडार

विंचूर (जि. नाशिक) हे गाव सागरापासून दूर असले, तरी येथील बाजारात लिलाव झालेला कांदा न्हावाशेवा बंदरातून जहाजानेच परदेशी जातो. अशा जहाजांवर, मासेमारी नौकांवर आणि मुंबई हायच्या तेलक्षेत्रात अनेक जण काम करतात. त्यांच्यापैकी कोणी सागरात हरवल्यास त्याचा शोध कसा घेतला जातो, हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

रडार रेडिओलहरी सोडते आणि वस्तूवर आदळून परतणारा प्रतिध्वनी टिपते. या लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर असल्याने दीड किलोमीटरवरील जहाजाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या एक लक्षांश काळात परत येतो. या कालावधीवरून अंतर, तर अँटेनाच्या रोखावरून दिशा कळते.

रडारची मर्यादा

पोलादी जहाज रडारला सहज दिसते. परंतु केवळ डोके पाण्याबाहेर असलेल्या माणसाचा प्रतिध्वनी अत्यंत क्षीण असतो आणि लाटांच्या व पावसाच्या प्रतिध्वनींत तो लोप पावतो. म्हणजेच, वादळात गरज सर्वाधिक असते तेव्हाच ही दृष्टी मंदावते. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळात मुंबई हायजवळ ‘पी-३०५’ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ जण होते. नौदलाने १८६ जणांचे प्राण वाचविले. त्यांपैकी अनेक जण जीवरक्षक जाकिटाच्या आधारे उसळत्या सागरात कित्येक तास तरंगत होते.

प्रत्युत्तर देणारे उपकरण

ही मर्यादा ओलांडण्यासाठी जीवरक्षक तराफ्यावर ‘सार्ट’ हे उपकरण ठेवतात. शोधनौकेच्या रडारच्या सुमारे ३ सेंटिमीटर लांबीच्या लहरी पोहोचताच ते प्रत्युत्तर देते व पडद्यावर १२ ठिपक्यांची ओळ उमटते. नौका अगदी जवळ येताच ठिपक्यांची वर्तुळे बनतात. तत्पूर्वी, शोधाचे क्षेत्र निश्चित करण्यास उपग्रह साहाय्य करतात. मच्छीमारांसाठी ‘इस्रो’ने विकसित केलेले संकटसूचक यंत्र नौकेचे स्थान उपग्रहामार्फत कळविते. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ हा आहे.

सारांश, रडारला माणसापेक्षा त्याच्याजवळील उपकरण अधिक स्पष्ट दिसते. म्हणून बंदर सोडण्यापूर्वी जाकीट, संकटसूचक यंत्र आणि त्याची बॅटरी तपासणे, हे शोधकार्याचे पहिले पाऊल होय.