बाटलीकडून पेल्याकडे : वर्षाच्या बाळाचे दूध

“बाळ गुटगुटीत आहे, पण जेवत मात्र काही नाही,” ही तक्रार बालरोग विभागात वरचेवर ऐकू येते. मूल चौदा-पंधरा महिन्यांचे, गाल भरलेले. परंतु खालची पापणी ओढून पाहिली तर आतली बाजू फिकट. चौकशीअंती कळते की बाळ दिवसरात्र मिळून पाच-सहा बाटल्या दूध पिते. दुधानेच पोट भरल्यावर मऊ भाताला तोंड उघडणार कोण?

वर्ष पूर्ण झाल्यावर डब्यातील पावडरीची गरज उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही या वयासाठी तिची शिफारस नाही. गाईचे वा म्हशीचे साधे दूध उकळून, पाणी वा साखर न घालता खुशाल द्यावे. (अंगावर पिणाऱ्या बाळाचे स्तनपान दोन वर्षे व पुढेही चालू ठेवावे, हे विवेचन डब्याच्या दुधावरील बाळांपुरते आहे.) मात्र एक गोष्ट पुष्कळ घरांत ध्यानी येत नाही. पावडरीत लोह मिसळलेले असते. डबा बंद झाला की तेही बंद होते. गाईच्या एक लिटर दुधात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या बालकाची रोजची गरज ८ मिलिग्रॅम. ही तूट अन्नानेच भरून निघावयाची. म्हणून दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरच्या पुढे जाऊ देऊ नये. डाळ, नाचणी, पालेभाजी, घरी चालत असल्यास अंडे व मासे, वर लिंबाचे चार थेंब, हे आधी, दूध त्यानंतर. चहा तर मुळीच नको. त्याने लोहाचे शोषण घटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के भारतीय बालके रक्तक्षयग्रस्त आढळली.

बदल हळूहळू करावा. प्रथम दुपारची एक बाटली बंद करून तेवढे दूध लहान फुलपात्रातून द्यावे. चव नाकारल्यास डब्यावरील प्रमाणाने पाण्यात तयार केलेल्या दुधात थोडे साधे दूध मिसळून त्याचा वाटा रोज वाढवावा. साध्या दुधात कोरडी पावडर कालवू नये. दूध सांडेल, कपडे भिजतील, सांडू द्यावे. पुढे सकाळची बाटली काढावी. विशेष पावडरीवर असलेल्या किंवा दुधाची अॅलर्जी असलेल्या बाळाबाबत मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

रात्रीची बाटली सर्वांत शेवटी सुटते, आणि खरी परीक्षा तिथेच असते. तोंडात बाटली घेऊन झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात किडतात. खालचे जिभेच्या आडोशामुळे बहुधा वाचतात. झोपण्यापूर्वी पेल्याने दूध पाजावे, दात पुसावेत, आणि नंतर तहान लागल्यास केवळ पाणी द्यावे. बाळ काही रात्री रडेल. अशा वेळी आईचा निश्चय टिकतो, पण आजीचे काळीज द्रवते आणि कपाटामागची बाटली पुन्हा बाहेर येते. आजींना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनाही तपासणीच्या वेळी सोबत आणावे, म्हणजे सर्वांशी एकदाच बोलता येते.

मूल फिकट दिसत असेल, माती खात असेल वा खेळता खेळता लवकर थकत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ‘अॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात पाच वर्षांखालील बालकांना आठवड्यातून दोनदा लोहाचे १ मिलिलिटर सिरप देण्याची तरतूद आहे. अंगणवाडी सेविका अथवा आशाताईंकडे चौकशी करावी.

देणगीदारांच्या माहितीसाठी : शिशुदुग्धपर्यायाबाबतच्या १९९२ च्या कायद्यानुसार पावडरीचे डबे व दुधाच्या बाटल्या अनाथालयाखेरीज कोणासही दान करता येत नाहीत. वाढदिवसानिमित्त बालरोग विभागास काही द्यावयाचे असल्यास स्टीलची लहान फुलपात्रे व वाटी-चमचे आनंदाने स्वीकारले जातील.