इंजिनाने एअर धरली

विहिरीवरचे डिझेल इंजिन तुम्ही ऐकले असेल. त्याचा आवाज एका ठेक्यात चालतो. ठेका चुकला की जाणता माणूस लांबूनच ओळखतो. तो म्हणतो, "फायरिंग तुटतंय."

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दोन एकर कांदा लावला होता. पाण्याची पाळी आधीच चार दिवस लांबली होती. फिटर लवकर येईना, म्हणून त्याने डिझेलचा फिल्टर स्वतःच बदलला. इंजिन सुरू झाले, पण अडखळत. दहा ठोके नीट, दोन गायब. मध्येच पांढरा धूर. मग बंद. हँडल मारून मारून त्याचे खांदे भरून आले. मग त्याने पंपाचा एक स्क्रू फिरवून पाहिला. तरी जमेना, तेव्हा नोझल खोलायला बसला.

तेवढ्यात गावातले म्हातारे मिस्त्री बांधावरून चालले होते. ते थांबले.

"बिघडायच्या आधी कुठं हात लावला होतास रं?"

"फिल्टरला, काका."

"मग नोझल कशाला खोलतोस? फिल्टरपासून बघ. एअर धरली आसंल."

एअर म्हणजे हवा. एवढ्याशा हवेने एवढे मोठे इंजिन कसे अडते? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या सिलिंडरमधली हवा दाबतो. सुमारे 16 घागरींची हवा एका घागरीत कोंबावी, इतकी दाबतो. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबा. पंप गरम लागतो. तशीच ही हवा तापते, पण कितीतरी जास्त. तिच्यात डिझेलचा बारीक फवारा पडला की तो पेटतो.

फवारा पडावा म्हणून पंप डिझेलला मोठ्या जोराने ढकलतो. डिझेल जवळजवळ दबत नाही. मागून ढकलले की पुढून निघते. हवा मात्र दबते. नळीत बुडबुडा असला की पंपाचा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो. नोझलमधून फवारा नीट पडत नाही, आणि ठोका चुकतो. या गड्याने नवा फिल्टर कोरडाच बसवला होता. आतली हवा जाणार कुठे?

मिस्त्रींनी एअर काढली ती अशी. इंजिन बंदच होते. आधी टाकीत डिझेल पुरेसे आहे ना ते पाहिले आणि टाकीचा कॉक उघडला. फिल्टरवर एअर काढण्याचा छोटा स्क्रू असतो, तो थोडा सैल केला. फेस आला. फेस थांबून डिझेलची सलग धार लागली, तेव्हा धार वाहत असतानाच स्क्रू आवळला. धार थांबल्यावर आवळला, तर हवा पुन्हा आत जाते. मग पंपावरचा स्क्रू तसाच. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करून हँडल हळूहळू फिरवायला सांगितले. तिथेही बुडबुडे थांबल्यावर नट आवळला. मग सगळे सांधे फडक्याने कोरडे पुसले. पुन्हा ओल आली तर तिथला वायसर नीट बसलेला नाही असे समजावे. जुना वायसर पुन्हा वापरणे ही नेहमीची चूक.

हे करताना विडी नको. धोतराचा सोगा, उपरणे, पदर चाकाजवळ जाऊ देऊ नये. आणि नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीच धरू नये. तो फवारा कातडी फोडून आत जातो. वरून सुई टोचल्याएवढेच दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही, पण आत डिझेल पसरून हात गमवायची वेळ येते. असे झाले तर घरी हळद लावून बसू नका. त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल टोचले आहे असे स्पष्ट सांगा.

इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झाले. ठेका बरोबर. पण धूर काळा येऊ लागला. पोराने पंपाचा जो स्क्रू फिरवला होता, त्याने डिझेल जादा जात होते. किती फेरे फिरवला, ते त्याला आठवेना. मिस्त्रींनी त्याला हात लावला नाही. "हे माझं काम न्हाई, पंपवाल्याचं," म्हणाले. पंपवाला तिसऱ्या दिवशी आला. तोवर इंजिन थोडे थोडे चालवून अर्ध्या कांद्याला पाणी पुरले. कडेचे वाफे वाळले ते वाळलेच.