पालीचे घर: आधी तापमान, मग पाल



पाळीव प्राणी म्हटले की कुत्रा, मांजर, काचेच्या टाकीतले मासे आठवतात. अलीकडे मोठ्या शहरांतील दुकानांत 'लेपर्ड गेको' नावाची पिवळसर, काळ्या ठिपक्यांची पालही दिसू लागली आहे. मराठीत तिला 'बिबट्या पाल' म्हणता येईल. तिच्यासाठी घरच्या घरी पेटी कशी बनवावी, हा या पाठाचा विषय. पण पेटी म्हणजे केवळ सुतारकाम नव्हे. पाल जिथून आली तिथली हवा पेटीत उतरवता आली, तरच ती पेटी घर होते; नाहीतर ती कोठडी ठरते.

ही पाल कोण?

१८५४ साली एडवर्ड ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञाने पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेतून (आज पाकिस्तानात) आलेल्या नमुन्यांवरून या जातीचे वर्णन केले. अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारतातील कोरडा, खडकाळ मुलूख हे तिचे माहेर. दिवसा ती दगडांच्या फटीत राहते व अंधार पडू लागला की बाहेर येते. आपल्या भिंतीवरच्या पालीपेक्षा तिचे दोन फरक लगेच लक्षात येतात. तिच्या डोळ्यांना उघडझाप करणाऱ्या पापण्या असतात आणि बोटांना चिकटपणा नसतो, म्हणून ती काचेवर चढू शकत नाही. जाड शेपटीत ती चरबी साठवते. पूर्ण वाढ झाल्यावर लांबी वीस ते पंचवीस सेंटिमीटर भरते. नीट सांभाळली तर ती पंधरा-वीस वर्षे जगते.

आपल्या मातीतली बहीण

गुजरात व महाराष्ट्राच्या कोरड्या, खडकाळ भागांत याच कुळातली दुसरी जात राहते. सातपुड्यातील आणखी एका जातीचे वर्णन तर २०१४ मध्ये भारतीय अभ्यासकांनी केले. म्हणजे आपल्याच डोंगरांत अजून शोधण्यासारखे बरेच आहे. या पालींना अनेक ठिकाणी विषारी समजून ठेचून मारतात. प्रत्यक्षात भारतातल्या एकाही पालीला विष नाही.

म्हणून दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. डोंगरात अशी पाल दिसली तर तिला मारायचे नाही आणि पकडून घरीही आणायचे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित प्राणी नुसता पकडला तरी ती 'शिकार'च ठरते. २०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली व १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. तिच्यामुळे कित्येक परदेशी जातींचीही नोंदणी करावी लागते. पाल पाळायचीच असेल तर ती माणसांच्या देखरेखीखाली जन्मलेली असावी, तिची पावती घ्यावी आणि त्याआधी वनखात्यात चौकशी करावी.

पेटीचे माप व साहित्य

एका पालीसाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटी पुरते. दोन नर एकत्र ठेवू नयेत, ते भांडून जखमी होतात. 'एक पेटी, एक पाल' हाच सोपा नियम.

पाण्याला टिकणारा बारा मिलिमीटर जाडीचा प्लायवूड घ्यावा. समोरच्या बाजूला सरकती काच बसवावी. एका टोकाला खालच्या बाजूस आणि दुसऱ्या टोकाला वरच्या बाजूस बारीक, न गंजणारी जाळी लावावी. गरम हवा वर चढून वरच्या जाळीतून बाहेर पडते व खालून थंड हवा आत येते.

मसाटच्या औद्योगिक वसाहतीत मालाच्या जुन्या खोक्यांची लाकडे स्वस्तात मिळतात, पण ती वापरू नयेत. त्यांत कोणते रसायन मुरले आहे हे नुसते पाहून समजत नाही. पॉलिश केल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवावी.

तळाला वाळू पसरू नये. किड्याबरोबर ती पोटात जाऊन आतडे तुंबू शकते. कोटा फरशीचे तुकडे किंवा साधा कागद चांगला. लपायला तीन जागा हव्यात: एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला आणि एक ओलसर. ओलसर जागेसाठी फुटक्या माठाची मोठी खापरी उपडी ठेवून तिच्याखाली भिजवून पिळलेला काथ्या घालावा. तिथे पालीची कात सहज सुटते. खापरीच्या धारदार कडा आधी घासून घ्याव्यात.

ऊन आणि सावली

पालीचे रक्त आपल्यासारखे आतून तापत नाही. ऊब हवी असेल तर ती उबदार दगडावर जाते, नको असेल तर सावलीत सरकते. अन्न पचण्यासाठीही ऊब लागते. अंड्यांवर तर तापमानाचा ताबा इतका, की ती सुमारे २६ अंश सेल्सियसला ठेवली तर बहुतेक माद्या निघतात आणि सुमारे ३२ अंशांना नर जास्त.

म्हणून पेटीच्या एका टोकाची फरशी ३१ ते ३३ अंश आणि दुसरे टोक २४ ते २६ अंश असावे. उबेसाठी चिनी मातीच्या होल्डरमध्ये लहान दिवा बसवावा. त्याभोवती जाळीचे संरक्षण हवे आणि त्याला तापमान नियंत्रक जोडलेला असावा. वायरिंग जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. रात्री दिवा बंद ठेवावा.

परदेशी पुस्तकांत ऊब कशी टिकवावी याचाच विचार असतो. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. मे महिन्यात खोलीच तापते, तेव्हा पेटीचे थंड टोक खोलीपेक्षा थंड कसे राहणार? म्हणून पेटी तळमजल्यावरच्या सर्वांत थंड खोलीत ठेवावी. पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नये आणि तिच्यावर थेट ऊन पडू देऊ नये. पावसाळ्यात दुसरी अडचण येते. कोरड्या मुलखातल्या या प्राण्याला आपली दमट हवा सोसत नाही. त्या दिवसांत जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात, कागद रोज बदलावा व बुरशी दिसताच ती जागा पुसून कोरडी करावी.

खाणे व स्वच्छता

ही पाल भाजीपाला खात नाही. तिला रातकिडे, भुंगेऱ्यांच्या अळ्या असे जिवंत किडे लागतात. पिलांना रोज, मोठ्या पालीला आठवड्यातून दोन-तीनदा खाऊ घालावे. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी, नाहीतर हाडे मऊ पडतात. औषध फवारलेल्या शेतातले किडे घालू नयेत. पाणी उथळ वाटीत ठेवावे व रोज बदलावे. पेटीला किंवा पालीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण पालींच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरू शकतात. पालीला शेपटीने कधीही धरू नये, ती तुटते.

रिकाम्या पेटीची परीक्षा

आमची सूचना अशी आहे: पेटी तयार झाली की लगेच पाल आणू नका. दोन्ही टोकांना तापमापक आणि मध्ये आर्द्रतामापक ठेवा. पंधरा दिवस सकाळी सहा, दुपारी दोन व रात्री दहा वाजता वहीत नोंद करा. ही परीक्षा एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलै महिन्यात घ्या. वीज गेली त्या वेळाही लिहा. दोन्ही ऋतूंत थंड टोक थंड आणि पेटी कोरडी राहिली, तरच पुढचा विचार करावा. नाही राहिली, तर त्या पेटीत पाल आणू नये. वहीतल्या नोंदींतून झालेला अभ्यास मात्र तुमचाच राहील.

पालकांना विनंती की, हा निर्णय मुलांच्या हट्टावर सोडू नये. आज पाचवीत असलेला मुलगा नोकरीला लागेल तेव्हाही ही पाल जिवंत असेल. तो शिकायला परगावी गेला तर किडे कोण आणणार, हे आजच ठरवावे. नको झालेली पाल रानात सोडणे हा तर मुळीच उपाय नव्हे. परका प्राणी तिथल्या प्राण्यांना रोग देऊ शकतो.

स्वाध्याय

१) प्लायवूडचा पत्रा आठ फूट बाय चार फूट आहे. वरील मापाच्या पेटीचा तळ, छत, मागची बाजू व दोन कडेच्या बाजू त्यातून कशा कापाल? आकृती काढा व किती चौरस फूट उरते ते सांगा.

२) दोन्ही जाळ्या वरच्या बाजूलाच लावल्या तर पेटीतल्या हवेचे काय होईल? कारण लिहा.

३) घरातल्या भिंतीवरची पाल सलग सात रात्री पाहा. ती किती वाजता दिसते, दिव्यापासून किती अंतरावर बसते व काय खाते, याची नोंद करा. यासाठी पेटी लागत नाही आणि परवानगीही लागत नाही.