रिकाम्या घरांचे धैर्य

॥ श्री ॥

चि. बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. आवर्तसारणी पाठ करता करता मन विटले असून, जे शास्त्र एकदाचे सिद्ध होऊन वर्गाच्या भिंतीवर टांगले गेले त्यात आपण नवे ते काय पाहावे, असे तू विचारतोस. पाठांतर सोडू नकोस. पण ती सारणी कशी घडली हे ध्यानी घेतलेस, तर जे अद्याप कळलेले नाही त्याच्याशी विद्यार्थ्याने कसे वागावे, याचे उत्तर तुला तिच्यातच सापडेल.

१७८९ साली लाव्हाझिएने आपल्या ग्रंथात ३३ मूलद्रव्यांची यादी दिली आणि तीत प्रकाश व उष्णता यांनाही स्थान दिले. म्हणून त्याला हसू नये. कारण ज्याचे आपल्याला अजून पृथक्करण करता आलेले नाही ते मूलद्रव्य, अशी व्याख्या करून त्याने दुरुस्तीचा दरवाजा आपल्याच हाताने उघडा ठेवला होता, आणि पुढे १८०८ मध्ये डेव्हीने त्याच यादीतील चुन्यापासून विजेच्या साहाय्याने कॅल्शियम वेगळे केले, तेव्हा त्या व्याख्येला बाध न येता यादी तेवढी सुधारली.

पुढे येना येथील डोबरायनरला तीन-तीन मूलद्रव्यांची कुले आढळली. लिथियमचा अणुभार ७, पोटॅशियमचा ३९, आणि मधल्या सोडियमचा बरोबर त्यांच्या सरासरीइतका, म्हणजे २३. परंतु खुद्द अणुभारांविषयीच मतैक्य नव्हते, आणि ऑक्सिजनला कोणी ८ मानी, कोणी १६, तोवर अशा नात्यांची रुजुवात घालावी तरी कशी? १८६० मध्ये कार्ल्सरूहे येथे भरलेल्या रसायनज्ञांच्या परिषदेत इटलीच्या कानिझारोने अणुभार ठरविण्याची एक सुसंगत रीत पुढे मांडली, आणि तेथे हजर असलेल्या मेंडेलेयेव्ह व लोथर मायर या दोघांनीही पुढे आपापली मांडणी त्याच पायावर उभारली. आधी मोजमापाची खातरजमा आणि मग मांडणी, हा क्रम तू कधी उलटा करू नकोस.

१८६६ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे न्यूलँड्सने अणुभाराच्या क्रमाने मांडल्यास दर आठव्या मूलद्रव्यात गुणांची पुनरावृत्ती होते असे दाखविले, तेव्हा वर्णमालेच्या क्रमाने मांडून पाहिलेत काय, असा उपहास त्याच्या वाट्यास आला. त्याच्या सिद्धांतात सत्यांश होता. पण त्याने एकही घर मोकळे ठेवले नाही, आणि त्यापायी कोबाल्ट व निकेल यांना एकाच घरात दाटीने बसवावे लागले.

सेंट पीटर्सबर्गच्या मेंडेलेयेव्हने १८६९ मध्ये ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने मांडताना जेथे गुण जुळेनात तेथे घर रिकामे सोडले, आणि १८७१ मध्ये त्या घरांत येणाऱ्या द्रव्यांचे अणुभार, घनता व संयुगे यांचा तपशीलही लिहून ठेवला, म्हणजे आपले म्हणणे खोटे ठरविण्याचे साधन त्याने आपण होऊन जगाच्या हाती दिले. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडले व त्याची घनता ४.७ भरली, मेंडेलेयेव्हने ती ५.९ च्या सुमारास असली पाहिजे असे कळविले, आणि नमुना अधिक शुद्ध करून फेरतपासणी केली तो ती ५.९ निघाली. १८७९ मध्ये स्कँडियमने आणि १८८६ मध्ये जर्मेनियमने आणखी दोन घरे भरली.

परंतु हाच मेंडेलेयेव्ह टेल्युरियमच्या बाबतीत चुकला, आणि ते प्रकरण मला सर्वांत बोधप्रद वाटते. अणुभाराच्या क्रमाने आयोडीन आधी यावयास हवे, तर गुणधर्मांनी ते क्लोरीन व ब्रोमीन यांच्याच कुलात बसते. त्याने गुणांचा कौल मानून टेल्युरियम आधी ठेवले आणि त्याचा अणुभारच चुकीचा मोजला गेला असावा असे प्रतिपादन केले. पण कितीही वेळा मोजले तरी टेल्युरियमच जड भरे. १९१३ मध्ये तरुण मोझलीने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले की क्रमाचे खरे गमक अणुभार नसून अणुकेंद्रावरील विद्युद्‌भार होय, आणि त्या हिशेबाने टेल्युरियम ५२ वे व आयोडीन ५३ वे ठरले. मेंडेलेयेव्हची मांडणी बरोबर होती, त्याने दिलेले कारण मात्र चूक होते. आणि हे उलगडू शकले याचे कारण असे की, मधल्या चाळीसहून अधिक वर्षांत रसायनज्ञांनी ती विसंगती दडविली नाही, आणि तिच्यापायी सारी सारणीही मोडीत काढली नाही.

तेव्हा बाळ, प्रयोगवहीत एखादा आकडा अपेक्षेशी जुळला नाही, तर तो खोडून सोयीचा आकडा लिहिण्याचा मोह आवर; जसा आला तसा नोंद, शेजारी शंका लिही, आणि पुन्हा मोज. जे ठाऊक नाही ती जागा मोकळी ठेव, पण तेथे काय सापडावे असे तुला वाटते तेही स्पष्ट लिहून ठेव, म्हणजे तुझी चूक तुला आणि इतरांना पकडता येईल. एवढे अंगी बाणले, तर परीक्षेचा निकाल काहीही लागो, तू रसायनशास्त्राचा खरा विद्यार्थी झालास असे मी समजेन.

प्रकृतीस जपावे. कळावे, लोभ असावा.

तुझा,
मामा