आभासी जाळे आणि त्याचे नियम

शाळेच्या मोठ्या दालनात लाकडी पडदे उभे करून तीन-चार वर्ग भरविलेले आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असतील. दालन एक, छप्पर एक. परंतु प्रत्येक वर्गाचा शिक्षक निराळा, फळा निराळा आणि हजेरीपटही निराळा. संगणकांच्या जाळ्यांतही आता अशीच व्यवस्था रूढ झाली आहे. तारा आणि यंत्रे एकाच संचाची असतात. त्यांवर केवळ आज्ञावलीच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र जाळी उभारली जातात. त्यांस आभासी जाळी म्हणतात. ती कोणत्या नियमांनी चालवावी, याचा थोडक्यात विचार आपण येथे करू.

प्रथम हे पडदे कसे उभे राहतात ते पाहू. जाळ्यातून जाणारा मजकूर लहान लहान तुकड्यांनी प्रवास करतो. कोणता तुकडा कोणत्या आभासी जाळ्याचा, हे कळावे म्हणून त्यावर क्रमांक घालतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानकात या क्रमांकासाठी १२ द्विमान अंकांची जागा ठेविली होती. २ चा १२ वा घात ४,०९६ होतो. त्यांतील दोन क्रमांक राखीव असल्यामुळे ४,०९४ उरतात. हजारो ग्राहकांचे काम करणाऱ्या केंद्रांना ते अपुरे पडू लागले. म्हणून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन या पद्धतीत २४ अंक योजिले गेले. २ चा २४ वा घात १,६७,७७,२१६! अंक केवळ दुप्पट झाले, पण संख्या चार हजारांहून अधिक पटींनी वाढली. वर्गात शिकलेले घातांक असे उपयोगी पडतात.

पुढे केवळ पडदेच नव्हेत, तर मार्ग दाखविणारी व पहारा करणारी यंत्रेही आज्ञावलीच्या रूपाने साध्या संगणकावर चालविता यावीत, असा विचार पुढे आला. ऑक्टोबर २०१२ मध्ये अनेक दूरध्वनी कंपन्यांनी मिळून या कल्पनेचे एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यामुळे पूर्वी ज्या कामासाठी नवे यंत्र आणून जोडावे लागे, ते आता चार ओळी लिहून होऊ लागले.

परंतु जी सोय चार ओळींत मिळते, तो अनर्थही चार ओळींत होऊ शकतो. चुकीने जोडलेली तार एका खोलीचे नुकसान करील; चुकीची आज्ञा क्षणात शेकडो यंत्रांपर्यंत पोहोचते. म्हणूनच जाणत्या संस्था काही नियम कटाक्षाने पाळतात. जाळ्याची इष्ट स्थिती एका ठिकाणी लिहून ठेवावी आणि यंत्रांची स्थिती तिच्याशी वरचेवर ताडून पाहावी. बदल एकाने लिहावा, दुसऱ्याने तपासावा. तो आधी थोड्या यंत्रांवर करून पाहावा. आणि मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवावी. नेटकॉन्फ या पद्धतीत यासाठी एक सुंदर युक्ती आहे. बदल केल्यावर ठराविक वेळात, सामान्यतः ६०० सेकंदांत, त्यास दुजोरा न मिळाल्यास यंत्र आपण होऊन पूर्वस्थितीवर येते. बदल करणाऱ्याचाच संबंध तुटला, तरी दहा मिनिटांत वाट पुन्हा खुली होते.

या नियमांचे मोल कॅनडातील एका घटनेवरून ध्यानात येते. ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स या कंपनीने आपल्या जाळ्यात सुधारणा करताना मार्गांची गाळणी करणारा एक नियम काढून टाकला. त्याबरोबर मार्गांच्या माहितीचा असा लोंढा आला की, मध्यवर्ती यंत्रे कोलमडली. सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांची सेवा बंद पडली. तातडीच्या मदतीसाठी दूरध्वनी करणाऱ्या कित्येकांना ती मिळू शकली नाही. हे काम सात टप्प्यांचे होते आणि हा सहावा टप्पा होता. आरंभी धोका मोठा मानला होता. पण आधीचे टप्पे सुरळीत पार पडल्यामुळे तो कमी मानण्यात आला. शिवाय दुरुस्तीसाठी यंत्रांपर्यंत जाण्याची वाटही त्याच जाळ्यावर अवलंबून होती, त्यामुळे कारण शोधण्यास फार विलंब लागला. घराची किल्ली घरातच ठेवून दार लावून घ्यावे, तसे झाले! देखरेखीचे जाळे नेहमी वेगळे असावे, हा नियम यासाठीच आहे.

या उदाहरणातून आपणांस दोन गोष्टी शिकता येतील. पाच वेळा यश आले म्हणून सहाव्या वेळची तपासणी टाळता येत नाही. आणि नियम हे कामाच्या वेगास घातलेले अडसर नसून अनेकांच्या विश्वासाचे रक्षण करणारे पहारेकरी आहेत. पाच गणिते बरोबर आली, म्हणून सहाव्याचा ताळा न पाहणाऱ्या विद्यार्थ्याने याचा अवश्य विचार करावा. त्याचा एखादा गुण जाईल. पण उद्या त्याच्याच हाती असे जाळे आले, तर त्याच्या एका ओळीवर कोणाचा तरी प्राण अवलंबून असेल.